रोलिंग डिस्ट्रो, ‘स्टेबल’ अपग्रेड आणि माझ्या तिसऱ्या प्रकरणातली आकृती

पेट किंवा नेटची तयारी करणारे, नाहीतर नुकताच प्रवेश मिळालेले विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय, रोलिंग डिस्ट्रो टाकू का? सगळं नवं मिळतं म्हणे, पण ते स्टेबल नसतं असंही ऐकलंय." मी स्वतः गेली काही वर्षं रोलिंग डिस्ट्रोवरच काम करते. त्यामुळे माझं उत्तर ‘बिनधास्त टाका’ असेल असं तुम्हाला वाटेल. पण ते तेवढं सरळ नाही, आणि त्याला कारण आहे माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातली एक आकृती.

झालं असं. मराठवाड्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदी घेऊन मी त्या विहिरींचे गट पाडले होते. त्यावर शोधनिबंध लिहिला, पाठवला. आठ महिन्यांनी रिव्ह्यूअरचं उत्तर आलं: काम ठीक आहे, फक्त चौथ्या आकृतीतल्या खुणा मोठ्या करून द्या. पाच मिनिटांचं काम. मी जुनीच स्क्रिप्ट जुन्याच डेटावर चालवली. आकृती आली, खुणा मोठ्या झाल्या, आणि सात विहिरी एका गटातून दुसऱ्या गटात गेलेल्या दिसल्या.

स्क्रिप्टमधलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. डेटा तोच. बदललं होतं ते त्याच्या खालचं सगळं. त्या आठ महिन्यांत मी दर आठवड्याला नेमाने अपग्रेड करत होते. मशीन एकदाही बंद पडलं नाही, स्क्रीन एकदाही काळी झाली नाही. लोक ज्याला स्टेबल म्हणतात त्या अर्थाने माझी सिस्टीम अगदी स्टेबल होती. तरीही सात विहिरी हलल्या.

म्हणून आज या ‘स्टेबल अपग्रेड’ नावाच्या कल्पनेचीच झाडाझडती घेऊ. रोलिंग डिस्ट्रो या बाबतीत काय कबूल करतात, काय पाळतात, आणि संशोधन करणाऱ्याला त्यातलं नेमकं काय उपयोगी पडतं ते बघू.

एका शब्दाचे तीन अर्थ

‘स्टेबल’ हा शब्द वापरताना लोक दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलत असतात, आणि म्हणूनच हा वाद कधी संपत नाही.

पहिला अर्थ: न कोसळणारं. मशीन सुरू होतं, प्रोग्रॅम अडकत नाहीत, काम होतं.

दुसरा अर्थ: न बदलणारं. डेबियनची ‘स्टेबल’ आवृत्ती या अर्थाने स्टेबल असते. साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, आणि एकदा ती आली की त्यातल्या बहुतेक पॅकेजेसचे आकडे गोठवले जातात. सुरक्षेची त्रुटी सापडली तर शक्यतो तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीला लावून देतात. नवी आवृत्ती देत नाहीत. त्यात जुने बग असतील तर तेही बरेचदा तसेच राहतात. म्हणजे इथे स्टेबलचा अर्थ ‘निर्दोष’ असा नसून ‘जसंच्या तसं’ असा आहे.

आता रोलिंगवाला म्हणतो, "माझी सिस्टीम पाच वर्षं चालतेय, कधी मोडली नाही, म्हणजे स्टेबलच की!" डेबियनवाला म्हणतो, "रोज बदलणारी गोष्ट स्टेबल कशी असेल?" दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण तुम्ही संशोधन करणार असाल, तर तुम्हाला लागतो तो तिसराच अर्थ: आज आलेलं उत्तर दोन वर्षांनी, व्हायव्हाच्या आदल्या दिवशीही, तेच आलं पाहिजे. आणि तेच आलं नाही, तर का आलं नाही हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

हा तिसरा अर्थ रोलिंग डिस्ट्रोंच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही. माझा पहिला आक्षेप हाच आहे.

आर्च: करार प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे

उदाहरण म्हणून आर्च लिनक्स घेऊ, कारण रोलिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. २००२ पासून ते सुरू आहे. त्यात ‘आवृत्ती’ हा प्रकारच नाही. एकदा बसवलं की पुढे फक्त अपग्रेड करत राहायचं.

याचा फायदा खरा आहे, तो नाकारू नका. दोन वर्षांचे सगळे बदल एकदम अंगावर येण्यापेक्षा थोडे थोडे येतात, त्यामुळे काही बिघडलं तर ‘गेल्या आठवड्यात काय बदललं’ एवढंच शोधावं लागतं. नवा लॅपटॉप घेतला तर त्याच्या वाय-फायला आणि ग्राफिक्सला लागणारं कर्नल लगेच मिळतं. आणि तुम्ही वापरता ते सॉफ्टवेअर मूळ लेखकांनी लिहिलं त्याच्या बरंच जवळचं असतं.

याच्या बदल्यात आर्च तुमच्याकडून काही गोष्टी मागतं. अपग्रेड करण्याआधी अधिकृत बातम्या वाचा. अर्धवट अपग्रेड करू नका. कॉन्फिगरेशन फाइलची नवी प्रत शेजारी येऊन बसली असेल तर ती जुनीशी स्वतः ताडून बघा. हा करार स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे, लपवलेला नाही. याबद्दल मला आर्चचं कौतुकच आहे.

पण करार पाळूनही माणूस अडकू शकतो. ऑगस्ट २०२२ मधलं ग्रबचं प्रकरण बघा. ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल उचलणारा प्रोग्रॅम. त्याच्या नव्या आवृत्तीत एक कमांड वापरण्याची पद्धत बदलली. पॅकेज अपग्रेड केल्यावर नव्या फाइल्स डिस्कवर येत होत्या, पण बूटच्या जागी आधी बसवलेला ग्रब मात्र जुनाच राहत होता. आता एखाद्याने, किंवा आर्चवर आधारलेल्या एखाद्या डिस्ट्रोच्या स्वयंचलित व्यवस्थेने, फक्त कॉन्फिगरेशन नव्याने तयार केलं, तर नवं कॉन्फिगरेशन जुन्या ग्रबच्या हातात पडायचं. काही मशीन्स त्यामुळे सुरूच होईनात. आर्चची अधिकृत बातमी ३० ऑगस्टला आली. तोवर बऱ्याच लोकांनी पेन ड्राइव्हवरून बूट करून आपापली मशीन्स दुरुस्त करायला घेतली होती. बातमी आधी वाचा हा सल्ला बरोबर आहे. पण बातमी नंतर आली तर वाचणार काय?

याहून जुनं आणि आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं उदाहरण पायथनचं. ऑक्टोबर २०१० मध्ये आर्चने ठरवलं की नुसतं ‘पायथन’ म्हटलं की पायथन ३ चालेल. त्या काळात बाकीच्या डिस्ट्रोंमध्ये या नावामागे पायथन २ होतं. परिणाम असा झाला की ‘पायथन’ एवढंच नाव घेणारी एकच स्क्रिप्ट एका मशीनवर चालायची आणि दुसरीकडे चुका द्यायची. पुढे २०११ मध्ये पायथनच्या लोकांनी या नावांबद्दल एक स्वतंत्र शिफारसपत्र काढलं, क्रमांक ३९४. दिशा म्हणून आर्चचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. जगाला शेवटी तिकडेच जायचं होतं. पण ‘योग्य दिशा’ आणि ‘तुमच्या प्रबंधासाठी योग्य वेळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वेळ तुमच्या हातात नसते.

गुपचूप होणारे बदल

आतापर्यंत सांगितलेले बिघाड निदान दिसतात तरी. मशीन सुरू होत नाही, स्क्रिप्ट चूक दाखवते. माझ्या मते ते स्वस्तातले बिघाड. महाग पडतात ते न दिसणारे. तीन उदाहरणं देते.

पहिलं, क्रम लावण्याचं. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली. तिच्यात भाषांनुसार अक्षरांचा क्रम लावण्याचे तक्ते मोठ्या प्रमाणावर बदलले. अमेरिकन इंग्रजीच्या सेटिंगमध्ये ‘१-१’ आणि ‘११’ या दोन ओळी रोमन अंकांत लिहून सॉर्ट केल्या, तर आधी ‘११’ वर यायचं. नव्या आवृत्तीत ‘१-१’ वर येतं. वाचायला क्षुल्लक वाटतं ना? पण पोस्टग्रेस डेटाबेस आपले इंडेक्स याच क्रमावर बांधतो. खालचा क्रम बदलला की जुना इंडेक्स चुकीचा ठरतो, आणि असलेली नोंद ‘सापडत नाही’. नवीन इंडेक्स बांधेपर्यंत डेटाबेस तुम्हाला शांतपणे चुकीचं उत्तर देऊ शकतो.

दुसरं, आर भाषेचं. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० या आवृत्तीत ‘सॅम्पल’ या फंक्शनची आकडे निवडण्याची डिफॉल्ट पद्धत सुधारली. जुन्या पद्धतीत एक सूक्ष्म दोष होता, तो काढला. चांगलंच केलं. पण तुम्ही स्क्रिप्टमध्ये सीड म्हणून ४२ लिहून ‘आता निकाल कायमचा तोच येणार’ असं समजून बसला असाल, तर तो येत नाही. जुनी पद्धत हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते.

तिसरं, साध्या बेरजेचं. संगणक दशांश चिन्हाचे आकडे ठरावीक अचूकतेनेच साठवतो, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की उत्तर शेवटच्या अंकात हलतं. पायथनमध्ये स्वतः करून बघा: ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येतं; ०.२ आणि ०.३ आधी मिळवले तर ०.६. मॅट्रिक्सचा गुणाकार करणाऱ्या ओपनब्लाससारख्या लायब्ररी वेगासाठी हा क्रम बदलतात. नवी आवृत्ती, वेगळा प्रोसेसर, वेगळी थ्रेड्सची संख्या, कशानेही. एरवी काही बिघडत नाही. पण दोन गटांच्या अगदी सीमेवर बसलेली एखादी नोंद तेवढ्यानेही इकडची तिकडे जाऊ शकते.

आता नीट लक्षात घ्या: हे बदल फक्त रोलिंगमध्ये येतात असं नाही. डेबियन स्टेबलवरही ते येतातच. फरक एवढाच की तिथे ते जाहीर झालेल्या दिवशी, सगळे एकदम येतात. तुम्ही ठरवून तो दिवस प्रबंध सादर केल्यानंतरचा निवडू शकता. रोलिंगमध्ये ते एखाद्या मंगळवारी चहा पिता पिता येतात, आणि ते आल्याचं तुम्हाला कळत नाही. आर्चच्या बातम्यांतही ते नसतात, कारण ‘सिस्टीम मोडेल’ अशा गोष्टींसाठी ती जागा आहे. ‘तुमचं उत्तर बदलेल’ हे सांगणं कोणत्याच डिस्ट्रोचं काम मानलं गेलेलं नाही.

चार लोकप्रिय सल्ले

रोलिंगवर अपग्रेड ‘स्टेबल’ कसं ठेवायचं याबद्दल चार सल्ले सतत मिळतात. एकेक तपासू.

‘रोज अपग्रेड करा.’ यामागचं कारण, बदल छोटे राहतात, हे पटण्यासारखं आहे. पण जे पॅकेज आज सकाळी आलं त्याचे पहिले परीक्षक तुम्हीच होता. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवा. दाबलेल्या फाइल्स उघडणाऱ्या या छोट्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला साधारण अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतोय हे खटकलं, त्याने खणून काढलं आणि २९ मार्चला जाहीर केलं. त्या आवृत्त्या टम्बलवीड, आर्च, डेबियनची टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखा यांच्यापर्यंत पोचल्या होत्या. डेबियन स्टेबलपर्यंत पोचल्या नव्हत्या. आर्चमध्ये एसएसएच त्या लायब्ररीशी जोडलेलं नसल्याने तो विशिष्ट मार्ग तिथे लागू होत नव्हता, पण ती रचनेची कृपा. रोज अपग्रेड करण्याचा त्यात काही हात नव्हता. न्यायाने दुसरी बाजूही सांगते: रोलिंग डिस्ट्रोंनी दुरुस्त पॅकेजही तितक्याच झपाट्याने दिलं.

‘चालतंय ना, मग हात लावू नका.’ आपल्याकडे हा फार आवडता सल्ला. रोलिंगवर मात्र तो उलटतो. जानेवारी २०२० च्या सुमारास आर्चने आपली पॅकेजेस दाबण्याची पद्धत एक्सझेडवरून झेडस्टॅण्डर्डवर नेली. ज्यांनी वर्षाहून अधिक काळ अपग्रेड केलं नव्हतं, त्यांच्या जुन्या सिस्टीमला नवी पॅकेजेस उघडताच येईनात. पॅकेजवर सह्या करणाऱ्यांच्या किल्ल्याही मधल्या काळात बदलतात. मग आधी किल्ल्यांचं पॅकेज, मग बाकीचं, अशी कसरत करावी लागते. धावत्या लोकलमध्ये चढण्यासारखं आहे ते. जितका उशीर, तितकं जास्त पळावं लागतं.

‘हवं ते एकच पॅकेज अपग्रेड करा, बाकी राहू द्या.’ हा सल्ला सगळ्यात घातक आहे. नव्या पॅकेजेसची यादी ओढायची आणि त्यातलं एकच उचलायचं, तर ते पॅकेज आपल्यासोबत नव्या लायब्ररी आणतं. समजा आयसीयू ही लायब्ररी नवीन आली. तिच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीत फाइलच्या नावातला आकडा बदलतो. तुमचे बाकीचे प्रोग्रॅम जुन्या आकड्याची फाइल शोधत बसतात, आणि ती तर गेलेली असते. आर्च म्हणूनच अर्धवट अपग्रेडला पाठिंबा देत नाही. याला अपवाद आहे तो विचार करून केलेला: पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की जुनी डेटा डिरेक्टरी नवा सर्व्हर थेट उघडत नाही, आधी ती रूपांतरित करावी लागते. तेवढं पॅकेज काही दिवस रोखून धरणं समजू शकतं. पण रोखलेल्या पॅकेजेसची यादी लांबत गेली, तर तुम्ही स्वतःची एक वेगळी डिस्ट्रो चालवताय, आणि तिची चाचणी जगात कुणीच करत नाही.

‘स्नॅपशॉट घ्या, मग चिंता नाही.’ हा चौघांत सगळ्यात शहाणा सल्ला. ओपनसुसे टम्बलवीड तर हे आपणहून करतं: बीटीआरएफएस फाइल सिस्टीमवर अपग्रेडच्या आधी आणि नंतर स्नॅपशॉट घेतला जातो, आणि गडबड झाली तर बूट मेन्यूमधून जुन्यात शिरता येतं. गावाकडे अपग्रेड चालू असताना लाईट गेली आणि बॅटरीने दगा दिला, तर याची किंमत कळते. पण एक मर्यादा ध्यानात ठेवा. होम फोल्डर या स्नॅपशॉटमध्ये नसतं. तुमचं संशोधन, तुमच्या पायथन आणि आरच्या लायब्ररी बहुतेक तिथेच असतात. म्हणजे सिस्टीम मागे जाते, संशोधन पुढेच राहतं. शिवाय स्नॅपशॉट तुम्हाला मागे नेतो तो बिघाड दिसल्यावर. सात विहिरी हलल्याचं मला आठ महिन्यांनी दिसलं.

दुसऱ्यांनी काय केलं?

टम्बलवीडबद्दल आणखी एक सांगायला हवं. तिथे पॅकेजेस एकेकटी सुटत नाहीत. अख्खा संच एकदम तयार होतो आणि ओपनक्यूए ही यंत्रणा तो व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवून, सुरू करून, पडद्यावर अपेक्षित चित्र दिसतंय का ते तपासते. संच नापास झाला तर तो पुढे जात नाही. रोलिंग आणि शिस्त एकत्र नांदू शकतात याचा हा पुरावा आहे. तरी एक्सझेड त्यातून निसटलं, कारण ही चाचणी ‘चालतंय का’ एवढं बघते. ‘उत्तर तेच आहे का’ हे तिला विचारलेलंच नाही.

तो प्रश्न ज्यांनी मुळातून विचारला, ते निक्सचे लोक. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे निक्स हे चक्क एका पीएच.डी.तून आलेलं आहे. एल्को डॉल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात सादर केलेला प्रबंध त्याच्या मुळाशी आहे. कल्पना अशी: प्रत्येक पॅकेज स्वतःच्या वेगळ्या जागी ठेवायचं, आणि त्या जागेच्या नावातच ते कशापासून बनलं याची खूण घालायची. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या शेजारीशेजारी राहतात, कुणी कुणाला धक्का देत नाही. निक्सओएसची अनस्टेबल शाखा रोलिंगच आहे, पण तुमच्या प्रकल्पाला अमुक दिवसाचा संच बांधून ठेवता येतो.

मग सगळ्यांनी तेच वापरावं का? माझं मत: लगेच नाही. त्याची स्वतःची भाषा शिकावी लागते, आणि लायब्ररी नेहमीच्या जागी नसल्यामुळे बाहेरून आणलेले तयार प्रोग्रॅम बरेचदा जसेच्या तसे चालत नाहीत. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात कोर्सवर्क, सिनॉप्सिस आणि गाईडच्या मीटिंगा सांभाळून हे शिकणं जमलं तर उत्तम. नाही जमलं तर त्यातला विचार तेवढा घ्या: सिस्टीमला पुढे जाऊ द्या, प्रकल्पाला खुंटीला बांधून ठेवा.

मी आता काय करते

हा विचार साध्या रोलिंग डिस्ट्रोवरही पाळता येतो. माझी पद्धत सांगते, तुमच्या सोयीने बदला.

अपग्रेडचा एक वार ठरवलेला आहे, शनिवार सकाळ. आधी बातम्या वाचते, मग पूर्ण अपग्रेड, मग लगेच रीस्टार्ट. रीस्टार्ट टाळू नका. आर्चवर कर्नल बदललं की चालू असलेल्या जुन्या कर्नलची मॉड्यूल्स डिस्कवरून काढली जातात; मग सादरीकरणाच्या वेळी पेन ड्राइव्ह लावला आणि तो ओळखलाच गेला नाही, असं होऊ शकतं. शेजारी दीर्घकाळ सांभाळलं जाणारं एलटीएस कर्नलही बसवून ठेवलंय. नवं अडलं तर बूट करताना ते निवडते.

सादरीकरण, परिषद किंवा प्रबंधाची तारीख जवळ आली की दोन आठवडे अपग्रेड बंद. आधीची पॅकेजेस कॅशमध्ये ठेवलेली आहेत. ती सरसकट पुसत नाही, शेवटच्या तीन आवृत्त्या ठेवते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रबंधातली कोणतीही आकृती आता सिस्टीमच्या पायथनवर किंवा आरवर बनवत नाही. प्रत्येक प्रकरणाला वेगळा कंटेनर, त्यात आवृत्त्या पक्क्या लिहिलेल्या. प्रत्येक आकृतीसोबत एक मजकूर फाइल आपोआप तयार होते: तारीख, सगळ्या पॅकेजेसच्या आवृत्त्या, सीड, भाषेचं सेटिंग. शिवाय एक छोटी चाचणी आहे. छोटा नमुना डेटा, त्याचं माहीत असलेलं उत्तर. कंटेनरमध्ये काहीही बदललं तर आधी ती चालवते. ओपनक्यूए जे विचारत नाही ते मी विचारते, माझ्यापुरतं.

आता त्या सात विहिरी

शोध कसा लागला ते सांगून थांबते. आर्चचा पॅकेज मॅनेजर पॅकमन प्रत्येक अपग्रेडची तारखेसकट नोंद लॉगमध्ये ठेवतो. तो लॉग मी कधी उघडलाही नव्हता. उघडला तेव्हा दिसलं की मधल्या काळात आर ४.२ वरून ४.३ वर गेलं होतं. आरची वैयक्तिक लायब्ररी आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरमध्ये असते. आकडा बदलला की फोल्डर नवं आणि रिकामं. त्या दिवशी मला ‘पॅकेज सापडत नाही’ असं दिसलं असणार, आणि मी फार विचार न करता सगळी पॅकेजेस परत बसवली असणार. ती सगळी अर्थातच सर्वात नव्या आवृत्तीची आली.

जुनं फोल्डर मात्र होम फोल्डरमध्ये तसंच पडून होतं. आर्च आपल्या संपूर्ण संचाची दररोजची प्रत तारखेनुसार जपून ठेवतं. ज्या दिवशी पहिली आकृती काढली होती त्या तारखेचा संच मी एका कंटेनरमध्ये उभा केला, जुनं फोल्डर जोडलं, स्क्रिप्ट चालवली. सातही विहिरी आपल्या जागी परत. मग एकेक पॅकेज बदलत गेल्यावर कळलं की एका पॅकेजने रिकाम्या नोंदी हाताळण्याची डिफॉल्ट पद्धत बदलली होती. त्यांच्या बदलांच्या यादीत ते स्वच्छ लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. आणि ती पद्धत कोणती हवी हे स्क्रिप्टमध्ये मी स्वतः लिहायला हवं होतं, तेही लिहिलं नव्हतं.

मी आनंदाने सरांकडे गेले की जुनी आकृती परत मिळाली. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यातली खरी कुठली?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुना निकाल परत मिळवणं म्हणजे तो बरोबर असल्याचं सिद्ध होणं नव्हे. मी दोन्ही पद्धतींनी सगळं विश्लेषण पुन्हा केलं. त्या सात विहिरींच्या नोंदींत मोठे खंड होते, म्हणून त्या गटांच्या सीमेवर होत्या. शोधनिबंधात एक परिच्छेद वाढवला: या सात विहिरींचा गट रिकाम्या नोंदी कशा धरता यावर अवलंबून आहे. रिव्ह्यूअरने फक्त खुणा मोठ्या करायला सांगितल्या होत्या. मी खुणाही मोठ्या केल्या.

तेव्हा ‘रोलिंग टाकू का’ याचं माझं उत्तर: शिकायची तयारी असेल आणि आठवड्यातला एक तास देणार असाल, तर जरूर टाका. पण त्यावर प्रबंधाची आकृती थेट काढू नका. आणि डेबियन स्टेबल टाकणार असाल तर निश्चिंत होऊ नका. तुमचा मंगळवार दोन वर्षांनी येईल, एवढंच. आज संध्याकाळी एक काम करा. तुमची सगळ्यात जुनी स्क्रिप्ट शोधा, ती पुन्हा चालवा, आणि आलेलं उत्तर तेव्हाच्या उत्तराशी ताडून बघा.